प्रोजेक्टचं सॉफ्टवेअर निवडताना आधी साइटवरचा मोबाइल बघा

आमच्याकडे प्लॅनिंगला कोणी नवीन रुजू झालं की पहिल्या आठवड्यात एक प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर कुठलं?" ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका फिट-आउट ठेकेदाराकडे मी चौदा वर्षं वेळापत्रकं करते आहे. ऐरोली, महापे, बेलापूर इथले रिकामे मजले ताब्यात घ्यायचे आणि तीन-चार महिन्यांत चालू ऑफिस करून द्यायचं, हे आमचं काम. एवढ्या वर्षांत आम्ही पाच टूल्स घेतली आणि त्यातली तीन टाकली. टाकलेली तिन्ही तशी चांगली होती. पण ती निवडली रिपोर्ट बघणाऱ्यांनी, आणि रोजची नोंद ज्यांनी करायची त्यांना कोणी विचारलंच नाही.

म्हणून नवीन माणसाला मी उत्तर देत नाही, पुढच्या पायऱ्या देते. उदाहरणं आमच्या धंद्यातली आहेत. तुम्ही आयटीत असा, इव्हेंटमध्ये किंवा सीएच्या ऑफिसात, मजकूर बदलेल, क्रम बदलणार नाही.

आधी कागद

डेमो बुक करण्याआधी नुकतंच संपलेलं एक काम घ्या आणि ते कुठे कुठे अडलं ते कागदावर लिहून काढा. आठवणीवर विसंबू नका. व्हॉट्सॲप ग्रुप उघडून मागे मागे जात वाचा. आम्ही हे केलं तेव्हा कागदावर अशा ओळी उतरल्या: ड्रॉइंगची जुनी प्रत साइटवर गेली. क्लायंटने लॅमिनेटचा शेड तोंडी बदलला. आग विझवणाऱ्या स्प्रिंकलरच्या लाइनची प्रेशर टेस्ट व्हायच्या आधीच जिप्समवाल्याने सिलिंग बंद केलं, मग दोन बोर्ड फोडावे लागले. ही शेवटची चूक माझी होती. टेस्ट सिलिंगच्या आधी हवी हे मला ठाऊक होतं, पण ते माझ्या डोक्यात होतं, शीटवर नव्हतं.

अशा दहा-बारा ओळी झाल्या की त्यांचे गट आपोआप दिसायला लागतात. त्या गटांवरूनच टूलची जात ठरते.

तुमचा प्रश्न कुठला?

सगळी टूल्स एकमेकांसारखी दिसतात, कारण प्रत्येकात आता सगळंच असतं. पण प्रत्येकाचा पिंड वेगळा असतो.

"कोण काय करतंय आणि कुठे तुंबलंय?" हा तुमचा प्रश्न असेल, तर तुम्हाला बोर्ड हवा. रकाने आणि त्यात सरकणारी कार्डं. ही कल्पना जपानच्या टोयोटा कारखान्यातल्या कानबान पद्धतीची, आणि कानबान म्हणजे पाटी. ट्रेलो हे त्याचं सगळ्यात सोपं रूप. ते २०११ साली आलं आणि २०१७ मध्ये ॲटलासियनने विकत घेतलं. त्याच कंपनीचं जिरा २००२ पासून आहे, आणि ऐरोली-महापेच्या आयटी पार्कमध्ये कुठल्याही मजल्यावर गेलात तरी ते नाव कानावर पडतं. (नाव आलंय गोजिरावरून, म्हणजे जपानी पडद्यावरचा तो राक्षस गॉडझिला. ते पहिल्यांदा उघडणाऱ्याला नावाचा अर्थ लगेच पटतो.)

"कशाच्या आधी काय झालं पाहिजे आणि एक गोष्ट लांबली तर शेवटची तारीख किती हलेल?" असा प्रश्न असेल, तर बोर्ड पुरणार नाही. इथे पट्ट्यांचा तक्ता लागतो, गँट चार्ट. हेन्री गँट या अमेरिकन इंजिनिअरने तो १९१०च्या दशकात वापरात आणला. पण कुठल्या कामांच्या साखळीवर शेवटची तारीख टांगलेली आहे हे शोधायचं गणित, क्रिटिकल पाथ, बरंच नंतरचं. ते १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या डुपाँट या रसायन कंपनीत तयार झालं आणि कारखान्याच्या दुरुस्ती-शटडाउनलाही लावून बघितलं गेलं. आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात रबाळे, तुर्भे, महापे भागातल्या केमिकल प्लँटमध्ये वार्षिक शटडाउनचं प्लॅनिंग केलेला माणूस भेटला तर त्याच्याजवळ अर्धा तास बसा. प्लँट बंद म्हणजे तासातासाचा हिशोब, आणि क्रिटिकल पाथ म्हणजे काय ते तो पुस्तकापेक्षा चांगलं सांगेल.

या जातीत मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट आहे, १९८४ मध्ये, विंडोजच्या आधीच्या डॉसवर आलेलं. प्रिमाव्हेरा आहे, जे २००८ मध्ये ओरॅकलने घेतलं. रस्ते, मेट्रो, मोठे पूल अशा कामांवर प्रिमाव्हेराचं वेळापत्रक मागितलं जातं, आणि क्लायंटने मागितलं असेल तर निवडीचा प्रश्नच मिटला. फुकटात शिकायचं असेल तर गँटप्रोजेक्ट किंवा प्रोजेक्टलिब्रे उतरवून घ्या. पहिल्या महिन्यात ती भरपूर झाली.

तिसरा प्रश्न वेळेचा आणि पैशाचा: कोणाचे तास कुठल्या क्लायंटवर गेले, बिल किती लावायचं. आर्किटेक्ट, सीए, डिझाइन स्टुडिओ यांचं दुखणं हेच असतं. त्यांनी टाइमशीट पक्की असलेलं टूल बघावं. झोहो प्रोजेक्ट्ससारख्या टूलचा फायदा असा, की बिलिंग आधीच झोहोवर असेल तर दोन्ही जोडता येतात.

आणि कागदावरच्या ओळी चार-पाचच असतील, माणसं पाच आणि एका वेळी चालू कामं दोन, तर शीटच ठेवा. गूगल शीटला मी अजिबात नावं ठेवत नाही. आमचं नौपाड्यातलं पहिलं ऑफिस तीन वर्षं शीटवर चाललं.

चाचणी: ठाणे ते ऐरोली

यादीत दोन नावं ठेवा, फार तर तीन. मग डेमो. डेमोत विकणारा नेहमी लॅपटॉपवर डॅशबोर्ड दाखवतो, रंगीत गोल आणि चढते आलेख. तुम्ही त्याला सांगा, "मोबाइलवर दाखवा. आणि मी सांगते ते काम टाका."

माझी स्वतःची चाचणी ट्रेनमधली आहे. ठाण्याला ट्रान्स-हार्बरची गाडी पकडायची. दिघे गाव आणि मग ऐरोली, म्हणजे हातात दहा-बारा मिनिटं. उभ्याने, एका हाताने, तेवढ्यात तीन कामांची स्थिती बदलून एक फोटो चढवता आला पाहिजे. ज्या टूलमध्ये ऐरोलीला उतरेपर्यंत हे होत नाही, ते शिडीवर उभ्या असलेल्या सुपरवायझरकडून कधीच भरलं जाणार नाही.

आणखी तीन गोष्टी जागच्या जागी तपासा. फोन फ्लाइट मोडवर टाकून नोंद करा, मग नेट चालू करा आणि नोंद वर चढली का बघा. बेसमेंटमध्ये रेंज नसते, आणि पंपरूम तिथेच असते. दुसरं, 'स्प्रिंकलर', 'विद्युत जोडणी', 'दुरुस्ती' असे शब्द देवनागरीत लिहून त्याची पीडीएफ काढा. पडद्यावर व्यवस्थित दिसणारी जोडाक्षरं पीडीएफमध्ये कधीकधी मोडून पडतात. तिसरं, क्लायंटला विचारा की त्यांची ड्रॉइंग्ज क्लाउडवर ठेवलेली चालतील का. बँका आणि परदेशी कंपन्या करारातच नाही म्हणतात. हे आधी कळलेलं बरं.

त्यानंतर पायलट, म्हणजे खऱ्या कामावरची छोटी चाचणी. एकच काम घ्या, छोटं पण खरं, तीन आठवड्यांचं. त्यात सगळ्यात नाराज माणूस घ्या. आमच्याकडे एक जुने सुपरवायझर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. पायलटच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "मॅडम, ते तुमचं हिरवं-लाल राहू द्या. जिप्समवाला आज आलाच नाय. ते कुठं लिहू?"

मी टूल उघडून बघितलं. 'सुरू नाही', 'सुरू', 'पूर्ण' अशा तीनच स्थिती होत्या. माणूस न आल्यामुळे थांबलेलं काम लिहायला खरंच जागा नव्हती. त्या संध्याकाळी 'अडलं' अशी चौथी स्थिती आणि 'कशामुळे' असा एक रकाना टाकला. आज आमच्या सगळ्या कामांत सगळ्यात जास्त वाचला जातो तो मामांमुळे आलेला हाच रकाना.

तीन आठवड्यांनी एकच आकडा मोजा. एकूण नोंदींपैकी किती साइटवरून झाल्या आणि किती ऑफिसमधल्या मुलीने फोनवर विचारून भरल्या? निम्म्याहून जास्त ऑफिसातून भरल्या असतील, तर ते टूल तुमच्या कामाचं नाही.

पैसे

हे पटकन सांगते. बहुतेक कंपन्या दर महिन्याला माणशी पैसे घेतात. समजा माणशी ५०० रुपये आणि माणसं १४. वर्षाचे ८४,००० झाले. त्यावर १८ टक्के जीएसटी १५,१२०. एकूण ९९,१२०. जीएसटी नोंदणी असेल तर तो कर क्रेडिटमध्ये मिळतो, पण बिलावर तुमचा जीएसटी नंबर आहे का ते पहिल्याच बिलाला बघा. १४ माणसांपैकी नुसतं बघणारी किती, हे मोजा. बघणाऱ्याला बऱ्याच ठिकाणी पैसे लागत नाहीत. जिराची फुकट योजना १० जणांपर्यंत चालते. छोट्या टीमला तेवढं पुष्कळ.

एक खड्डा मात्र सांगून ठेवते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने सॉफ्टवेअरच्या वर्गणीचं कार्डावरून आपोआप होणारं पेमेंट १५,००० रुपयांच्या वर गेलं की दर वेळी ओटीपी लागतो. आमची वार्षिक वर्गणी मालकांच्या कार्डावर होती. ओटीपी आला तेव्हा ते गावी लग्नात होते. सोमवारी सकाळी साइटवरच्या सगळ्यांची खाती फक्त वाचण्यापुरती उरली, आणि हँडओव्हर, म्हणजे तयार ऑफिस क्लायंटच्या ताब्यात देणं, होतं बुधवारी. आता वर्गणीची तारीख आमच्या वेळापत्रकातच एक काम म्हणून टाकलेली आहे.

बसवताना

इथे घाई केली तर पुढचे सहा महिने निस्तरावं लागतं.

पहिलं काम कॅलेंडर. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टचं मूळ कॅलेंडर सोमवार ते शुक्रवार, आठ ते पाच, मध्ये तासभर जेवण असं आहे. आपली साइट शनिवारीही चालते. आमचा रबाळ्याचा फॅब्रिकेटर शुक्रवारी बंद असतो. चालू इमारतीत ड्रिलिंग, तोडफोड असली आवाजाची कामं रात्री किंवा रविवारीच करू देतात. गणपतीत कोकणातले सुतार नसतात, होळी आणि छठपूजेला उत्तरेकडचे कारागीर नसतात. घोडबंदर रोडवर अवजड वाहनांना ठरावीक तास बंदी असते, म्हणून मोठा माल रात्री उतरवावा लागतो. हे सगळं कॅलेंडरमध्ये नसेल, तर सॉफ्टवेअर बिनचूक गणित करून चुकीची तारीख देईल.

दुसरं, कामाचं नाव. 'सिलिंग' हे नाव नव्हे. 'तिसरा मजला, मीटिंग रूम, सिलिंगची फ्रेम उभारणे' हे नाव. कुठे, काय, काय करायचं. आणि प्रत्येक कामाला एकच माणूस. दोघांचं नाव टाकलं की दोघेही दुसऱ्याची वाट बघतात. कामाचा आकार एक दिवस ते दोन आठवडे ठेवा. एक महिन्याचं काम टाकलंत, तर ते तीन आठवडे 'सुरू' असंच दिसेल आणि चौथ्या आठवड्यात बॉम्ब फुटेल.

टक्केवारीपासून लांब राहा. "किती झालं?" विचारलं की साइटवरून उत्तर येतं, "नव्वद टक्के." पुढच्या आठवड्यातही नव्वद. आम्ही तीनच आकडे मान्य करतो: सुरू नाही तर शून्य, हात लागला की पन्नास, तपासून सही झाली की शंभर. मधलं काही नाही. सही कोणाची, तेही कामाच्या नावाखाली लिहिलेलं असतं.

नोटिफिकेशन जवळजवळ सगळी बंद करा. स्वतःचं काम अडलं आणि स्वतःची तारीख हलली, एवढी दोनच चालू ठेवा. ऑटोमेशनचा मोह पहिले तीन महिने टाळा.

काचेचं गणित

जोडणी, म्हणजे कुठलं काम कशावर अवलंबून, हा या सगळ्याचा गाभा. एक छोटं उदाहरण वहीत करून बघा. ऐरोलीतल्या एका ऑफिसची मीटिंग रूम, एका बाजूला काचेचं पार्टिशन.

सिलिंगची साखळी अशी. डक्टिंग (एसीच्या हवेचे मार्ग), स्प्रिंकलर, केबल ट्रे समांतर, ८ दिवस. प्रेशर टेस्ट आणि दुरुस्ती २. फ्रेम ३. बोर्ड ३. रंग ४. लाइट २. बेरीज २२ दिवस.

काचेची साखळी अशी. वरचा लोखंडी सपोर्ट आणि खालची टाइल पूर्ण व्हायला १२ दिवस. माप घ्यायला १. कारखान्यातून काच यायला १५. म्हणजे २८व्या दिवशी काच दारात.

साइटवर सगळ्यांचं लक्ष सिलिंगकडे असतं, कारण तिथे माणसं जास्त, आवाज जास्त, धूळ जास्त. गणित सांगतं की काच बसवायच्या आधी सिलिंगकडे ६ दिवसांची मोकळीक आहे. काचेकडे एकाही दिवसाची नाही. टफन केलेली, म्हणजे तापवून कडक केलेली, काच नंतर कापता येत नाही, कापायला गेलं तर तिचा चुरा होतो. म्हणून टाइल बसल्याशिवाय कोणी माप घेत नाही, आणि टाइलवाला दोन दिवस उशिरा आला तर हँडओव्हर दोन दिवस पुढे जातो. सगळा मजला सिलिंगवाल्याला शिव्या देत असताना खरा फोन टाइलवाल्याला करायचा असतो. हे तुम्हाला बोर्डवरची कार्डं सांगणार नाहीत. पट्ट्यांचा तक्ता सांगतो, तोही जोडण्या भरल्या तरच.

नवीन मंडळींची एक चूक इथे हमखास होते. जोडणी न टाकता प्रत्येक कामाला हाताने तारीख टाकतात. तक्ता सुंदर दिसतो, पण एक पट्टी सरकवली तर बाकीच्या ढिम्म हलत नाहीत. तपासायची रीत सोपी आहे. पहिलं काम पाच दिवस पुढे ढकला. शेवटची तारीख हलली नाही, तर एकतर त्या कामाकडे मोकळीक आहे, नाहीतर तुमचा तक्ता म्हणजे नुसतं रांगोळीचं चित्र आहे.

बेसलाइन

क्लायंटने वेळापत्रकावर सही केली की त्याच दिवशी बेसलाइन जपून ठेवा. म्हणजे ठरलेल्या तारखांचा गोठवलेला फोटो. पुढे तारखा बदलल्या तरी तो फोटो मागे दिसत राहतो. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये असे ११ फोटो ठेवता येतात. आम्ही दोन-तीनच ठेवतो. क्लायंटने शेड बदलायला नऊ दिवस घेतले आणि शेवटी दंडाची भाषा केली, तेव्हा बेसलाइन आणि 'कशामुळे' हा रकाना शेजारी शेजारी ठेवले की बैठक शांतपणे होते. मूळ तारखाच पुसून नव्या लिहिल्या असतील, तर दाखवायला हातात काही उरत नाही.

शनिवारची वीस मिनिटं

टूल जगतं की मरतं ते आठवड्याच्या बैठकीवर ठरतं. आमची शनिवारी संध्याकाळी पाचला, चहा यायच्या आत संपते. टीव्हीवर टूल उघडायचं आणि फक्त दोन गोष्टी बघायच्या: 'अडलं' मध्ये काय आहे आणि पुढच्या तीन आठवड्यांत काय सुरू व्हायचंय. झालेल्या कामांची चर्चा करायची नाही. कोणी वहीतून वाचायला लागलं की मी म्हणते, "हे इथे दिसत नाहीये, आधी टाका, मग बोलू." पहिले दोन शनिवार लोक रागावतात.

व्हॉट्सॲप बंद करायच्या भानगडीत पडू नका, ते कुणालाच जमलेलं नाही. फोटो, "पोचलो", "लिफ्ट बंद आहे" हे तिथेच राहू द्या. निर्णय मात्र टूलमध्ये. क्लायंटने ग्रुपवर "ओके" लिहिलं, तर त्याचा स्क्रीनशॉट त्या कामाला त्याच दिवशी चिकटवायचा आणि ते कोणी करायचं त्या माणसाचं नाव ठरलेलं असायला हवं. आमच्याकडे ते माझं आहे.

बाहेर पडायचा रस्ता

टूल कायमचं नसतं. कामांच्या याद्यांचं वंडरलिस्ट ॲप लाखो लोक वापरत होते, ते ६ मे २०२० ला बंद झालं. जिराची स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायची जुनी आवृत्ती ज्यांच्याकडे होती, त्यांचा सपोर्ट १५ फेब्रुवारी २०२४ ला संपला. म्हणून पैसे भरायच्या आधीच एक्स्पोर्ट करून बघा. कामांची नावं, तारखा, जबाबदार माणूस, शेरे आणि जोडलेले फोटो, यातलं काय बाहेर येतं? बऱ्याच ठिकाणी यादी येते, फोटो येत नाहीत.

एक्स्पोर्टमधून बहुतेकदा सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुरातल्या तक्त्याची फाइल मिळते. ती थेट एक्सेलमध्ये उघडली तर मराठीच्या जागी बऱ्याचदा चित्रविचित्र खुणा दिसतात. घाबरू नका, फाइल बिघडलेली नसते. एक्सेलच्या डेटा मेनूतून ती आत आणा आणि एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) विचारलं की यूटीएफ-८ निवडा. अक्षरं जागेवर येतात. आम्ही हे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी करतो, बैठक संपल्यावर, आणि फाइल ऑफिसच्या हार्ड डिस्कवर साइटच्या नावाच्या फोल्डरमध्ये टाकतो. टाकण्याआधी एकदा उघडून बघतो.